आतल्या दारांचा रंग

आगमनकाळ लागला की घरोघरी भिंतींना सफेती होते, आणि भिंती उजळल्या की काळवंडलेली आतली दारे डोळ्यांत खुपू लागतात. खानापूर भागातील आमच्या पुष्कळ वाचकांची दारे सागवानी आहेत. आजोबांच्या वेळेपासून त्यांवर रंगाचे हात एकावर एक चढलेले आहेत. त्या जुन्या रंगाविषयीच आम्हांस लिहावयाचे आहे.

पूर्वीच्या अनेक तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत ते दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण आपल्या दारांवरचा रंग त्याआधीचा. तो घट्ट बसलेला असेपर्यंत फारशी भीती नाही. कोरडा घासला की मात्र त्याची धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणारे मूल तीच बोटे तोंडात घालते. शिशाने बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते, गर्भासही अपाय होतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही. रक्त तपासल्यावरच कळते. आमच्या निवासाचे एक दार आम्ही स्वतः असेच कोरडे घासले, आणि भोवती वेदीसेवक मुले उभी होती! ठाऊक नव्हते, हे काही समर्थन नव्हे.

तेव्हा जुना रंग पक्का असल्यास खरवडूच नये. साबणाच्या पाण्याने धुवावा, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश कागदाने ओला ठेवूनच हलका घासावा आणि वाळल्यावर नवा हात द्यावा. खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे. मुले व गर्भवती स्त्रिया दूर असाव्यात. नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे, आणि तो गाळ कोंबड्या टोचतील अशा जागी फेकू नये.

लाकडाच्या रेषा दिसाव्यात, ही हौस रास्तच आहे. सागवानावर गडद रंग फासणे आमच्याही जिवावर येते. परंतु लाकडात मुरणारा रंग उघड्या लाकडातच मुरतो. म्हणजे जुना थर सगळा काढणे आले. लहान मूल असलेल्या घराने ही हौस कोऱ्या दारावरच भागवावी. सागाला अंगचे तेल असते, म्हणून आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्यावे. दाराच्या वरच्या-खालच्या कडांनाही हात द्यावा, एरवी पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळवावीत.