क्रोमवर रंग मारावा का? जुन्या गाडीच्या बंपरविषयी थोडं

आजचा विषय दिसायला लहान आहे, पण ज्याच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्याला तो कधी ना कधी गाठतोच. बंपर काळवंडतो, तांबूस ठिपके येतात, कुठं पापुद्रा सुटतो. मग कुणीतरी सांगतं, "स्प्रेचा एक डबा आणा अन् मारून टाका काळा." सध्या सगळं काळं करायची फॅशनही आहे. तर रंग मारावा का, मारायचा तर कुठं, आणि तो टिकेल कसा, एवढंच आज बघायचं आहे.

रेणापूर-लातूर रस्त्यावर आता पद्मिनी किंवा अँबॅसिडर दिसली तर माणूस मान वळवून बघतो. आपल्या शेजारच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सीतली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. अँबॅसिडरचं उत्पादन तर २०१४ सालीच थांबलं. म्हणजे आता मूळ बंपर नव्यानं बनून येणार नाही. आहे तो बिघडवला, तर भंगारवाल्यांच्या दारोदार फिरायची तयारी ठेवायची.

क्रोम म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडं पितळी भांड्याला कल्हई करतात. भांडं तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, झालं काम. कल्हई गेली की पुन्हा दारात बसून करता येते. क्रोमचं तसं नाही. पोलादी पत्र्यावर बहुधा आधी तांबं, त्यावर निकल आणि सगळ्यात वर क्रोमियम, असे थर टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं चढवतात. वरचा क्रोमियमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही पातळ. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. खरं राखणीचं काम खालचं निकल करतं, क्रोम चकाकी आणि कडकपणा देतो. त्या टाकीतलं क्रोमिक ऍसिड विषारी असतं, कर्करोगाला कारण होणारं. म्हणून हे काम सांडपाण्याची सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडंच व्हायला हवं.

आता रंगाची अडचण. रंगाला धरायला खरखरीत जागा लागते. क्रोम काचेसारखा गुळगुळीत, शिवाय त्याच्यावर हवेनं आपोआप एक घट्ट ऑक्साइडची साय येते, तिला सहसा काही चिकटत नाही. ज्या गुणासाठी क्रोम लावला, तोच गुण रंगाच्या मुळावर येतो. तसाच मारलेला स्प्रे दोन-चार महिन्यांत नखानं सोलून निघतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रोमला अतिबारीक भेगा असतात. त्यातून पाणी निकलपर्यंत आणि शेवटी पोलादापर्यंत जातं. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचा थर उचलतो. अशा जागी नुसता रंग मारला तर गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. घेणाऱ्याला फसवायचं असेल तर गोष्ट वेगळी!

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी लोहचुंबक घ्या. चुंबक चिकटला तर बहुधा खाली पोलाद आहे. नाही चिकटला तर ती पट्टी स्टेनलेस स्टीलची, ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असू शकते. दाराच्या मुठी बऱ्याचदा या ओतीव धातूच्या असतात. स्टेनलेसच्या पट्टीला रंग मारणं म्हणजे नुकसानच, ती पॉलिशनं उजळते.

आपल्या भागाला एक फायदा आहे. मुंबईची खारी, दमट हवा इथं नाही. त्यामुळं गेला असं वाटणारा क्रोम पुष्कळदा नुसता मळलेला असतो. डब्यात पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळं गंज निघतो आणि चरे पडत नाहीत. खड्डे तेवढे राहतात. मग पुसून मेण लावा. संडास साफ करायचं ऍसिड मात्र कुणी वापरू नका, ते क्रोमच खातं. बोअरच्या जड पाण्याचे डागही अंगावर वाळू देऊ नका. गाडी रोज धुवा, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं ज्या लातूरला पाणी आणावं लागलं, तिथं ओलं फडकं पुरे.

आमच्या मते रंगाची खरी जागा बंपरच्या मागच्या बाजूला आहे. तिथं प्लेटिंग कमी बसलेलं असतं, आणि पावसाळ्यात आपली काळी माती जाऊन बसते ती आठवडाभर ओल धरून ठेवते. बंपर आतून सडतो तो असा. खोला, खरवडा, गंज काढा, एपॉक्सी प्रायमर मारून वर रंग द्या. बाहेरून काही दिसत नाही, पण बंपर टिकतो.

समोरून मारायचाच असेल, म्हणजे प्लेटिंग निम्मंअर्धं गेलंच असेल, तर नीट करा. भाग काढून घ्या. आधी साबणानं आणि थिनरनं तेल-मेण घालवा, नाहीतर घासताना तेच आत रुतून बसतं. सुटलेला पापुद्रा उचकटून काढा आणि कड हाताला लागेनाशी होईपर्यंत घासा. उरलेल्या क्रोमवर ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवा, चमक पूर्ण मेली पाहिजे. ओलं घासल्यानं निकलची धूळही उडत नाही. मग एपॉक्सी प्रायमर किंवा एच प्रायमर. ऍसिड असलेल्या एच प्रायमरवर थेट लांबी भरू नका, ती पुढं सुटते. त्यानंतर सर्फेसर, रंग आणि क्लिअर. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यातून दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, रंगकामाचा योग्य फिल्टरचा मास्कच लागतो.

मे महिन्यात दुपारी हे काम नको. तापलेल्या पत्र्यावर रंग पोचण्याआधीच थिनर उडतं आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. भर पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यात बरी. जमिनीवर पाणी शिंपडून घ्या, म्हणजे धूळ बसते.

फक्त काळा रंग आवडतो आणि क्रोम चांगला आहे, अशांनी रॅपची फिल्म लावावी. कंटाळा आला की गरम करून काढता येते. वर्षानुवर्षं उन्हात ठेवली तर मात्र तिचा गोंद चिकटून बसतो. घासलेला क्रोम परत हवा झाला, तर जुनं प्लेटिंग उतरवून पुन्हा टाकीत घालावं लागतं, आणि गंजून पातळ झालेला पत्रा प्रत्येक वेळी ते सोसतोच असं नाही.

रंगवलेला बंपर त्याच दिवशी बसवू नका. वरून सुकला तरी आत मऊ असतो आणि नट आवळताना वॉशरखाली सुरकुततो. आठवडाभर सावलीत ठेवा, बोल्टखाली रबरी वॉशर घाला. काढलेल्या क्लिपा आणि बोल्ट एका डबीत नाव लिहून ठेवा, कारण तेही आता सहज मिळत नाहीत.