धुणीभांडी करणारी चित्रकार सेराफीन

चित्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं कॉलेज आणि शिकवणारे गुरू येतात. आज जिची ओळख करून घेणार आहोत, त्या सेराफीन लुईला यातलं काहीच मिळालं नाही. ती लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करायची आणि रात्री चित्रं काढायची.

सेराफीनचा जन्म १८६४ साली फ्रान्समधल्या आर्सी नावाच्या खेड्यात, गरीब घरात झाला. ती वर्षाची असताना आई गेली, पुढे काही वर्षांत वडीलही गेले. थोरल्या बहिणीनं तिला वाढवलं. लहानपणी तिनं मेंढ्या राखल्या. मग वीस वर्षं ख्रिस्ती जोगिणींच्या मठात काम केलं. १९०१ नंतर सांलिस गावात ती घरोघरी कामाला जाऊ लागली.

चाळिशीच्या सुमारास तिनं ब्रश हातात घेतला. दिवसा काम आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात चित्र. ती फार देवभोळी होती. देवदूतानंच आपल्याला चित्रं काढायला सांगितलं, असं ती म्हणायची.

तिच्या चित्रांत माणसं नसतात. असतात ती झाडं, फुलं, फळं आणि पानं. एकेक पान पिसासारखं दिसतं, तर काही फुलांतून डोळे आपल्याकडे बघतात असं वाटतं. सगळं इतकं दाट की मोकळी जागा शोधावी लागते. दारं-खिडक्यांना लावतात तसला तयार ऑइल पेंट ती वापरायची. त्यात आणखी काय मिसळायची, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

१९१२ साली विल्हेम ऊडे नावाचे एक जर्मन गृहस्थ सांलिसला राहायला आले. नव्या चित्रकारांची चित्रं ते पारखून विकत घेत. शेजाऱ्यांकडे त्यांनी सफरचंदांचं एक चित्र पाहिलं. कुणी काढलं म्हणून विचारलं, तर कळलं की आपल्याच घरी कामाला येणाऱ्या सेराफीननं! ऊडेंनी तिची चित्रं घ्यायला सुरुवात केली.

पण १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांचे शत्रू झाले. ऊडेंना फ्रान्स सोडावा लागला, त्यांच्याकडची चित्रंही जप्त झाली. पुढची तेरा वर्षं सेराफीनला असा पारखी भेटला नाही. तरी तिनं चित्रं काढणं सोडलं नाही. १९२७ साली गावातल्या कलाकारांच्या प्रदर्शनात ऊडेंना तिची चित्रं पुन्हा दिसली. ती आधीपेक्षा कितीतरी सरस होती.

आता ऊडे तिला कापड, रंग आणि पैसे देऊ लागले. ती माणसाच्या उंचीपेक्षा मोठी चित्रं रंगवू लागली. पॅरिसच्या प्रदर्शनात तिचं नाव झालं. हाती पैसा आला, तिनं महागड्या वस्तू घेतल्या. तेवढ्यात जगभर मंदी आली आणि १९३० साली ऊडेंनी खरेदी थांबवली. तिला दुसरा मोठा गिऱ्हाईक नव्हता. याच काळात तिचं मन आजारी पडलं. १९३२ साली तिला मनोरुग्णालयात ठेवलं. तिथं तिनं पुन्हा ब्रश धरला नाही. दुसऱ्या महायुद्धात अशा रुग्णालयांत अन्नाचे फार हाल झाले. १९४२ साली ती तिथंच वारली आणि तिला बेवारस माणसांसारखं पुरलं.

आज तिची चित्रं सांलिसच्या, पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत. २००८ साली तिच्यावर निघालेल्या सिनेमाला फ्रान्समधले मोठे पुरस्कार मिळाले.

मैत्रिणींनो, सेराफीनची कला तिची स्वतःची होती. शाळा नव्हती, वय उलटलं होतं, अंगावर कष्ट होते, तरी ती कला फुलली. पण कमाईची दोरी मात्र एकाच माणसाच्या हाती होती. तो भला होता, तरी त्याचा हात आखडला तेव्हा तिच्यामागे उभं राहायला गट नव्हता, शिल्लक नव्हती.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न जरूर घ्या. आपल्यात कुणाच्या हातात अशी कला आहे, जी आपण रोज पाहतो पण ओळखत नाही? आणि आपला माल एकच व्यापारी उचलत असेल, तर त्यानं उद्या नाही म्हटल्यावर आपण काय करणार?