मांजराला पेटी कोणती घ्यावी?

गाय आजारी पडली तर तिला दाव्याने धरून दवाखान्यात नेता येते. कुत्रा साखळीला धरून मागे येतो. शेळीचे करडू तर काखेतसुद्धा जाते. अडते ते मांजराचे. एरवी दिवसभर पायांत घोटाळणारे, चुलीपाशी अंगाचे मुटकुळे करून निजणारे हे जनावर, दवाखान्याला निघायची आपली लगबग दिसली की असे नाहीसे होते की कौलांवर शोधावे लागते. मग घरातले चौघे त्याच्या मागे. कोणाच्या हातात पोते, कोणाच्या हातात टॉवेल. शेवटी दोघांचे हात ओरबाडलेले आणि मांजर शेजारच्या माळ्यावर! ‘जाऊ द्या, चाटून चाटून बरं होईल ते,’ असे म्हणून आपण तो विषय संपवतो.

पण मंडळी, हा विषय असा संपवण्यासारखा नाही. बोक्यांच्या भांडणात झालेली जखम वरून बुजते आणि आत पू धरते. एखादा बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथतो आहे आणि लघवी मात्र होत नाही, असे दिसले तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो, चाटून काही होत नाही. आणि रेबीजचे काय? पिसाळलेल्या कुत्र्याचे भय आपल्याला असते, पण पिसाळलेल्या मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो, याचा विसर पडतो. मांजर तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. या सर्वांसाठी मांजर दवाखान्यापर्यंत पोचले पाहिजे, आणि तेही नेणाऱ्याला न चावता.

मांजर नेण्याचे आपल्याकडचे जुने साधन म्हणजे पोते. घरात नकोसे झालेले मांजर पोत्यात घालायचे आणि वेशीपलीकडे, ओढ्यापलीकडे सोडून यायचे, ही चाल पुष्कळांनी पाहिली असेल. पोते कशासाठी? तर त्याला परतीची वाट कळू नये म्हणून. ज्या साधनाने मांजर घालवायचे, त्याच साधनाने त्याला बरे करून घरी आणायला आपण निघतो, हा मोठाच विरोधाभास. शिवाय पोत्यात हवा कमी, पायाखाली टणक काही नाही, आणि दवाखान्यात तोंड सोडले की मांजर बाणासारखे सुटते. तिथे बाहेर बैल, म्हशी, कुत्री. एकदा का ते परक्या गावात सुटले, की सापडायची आशा थोडी.

मांजर इतके का बिथरते? कुत्रा धन्याचा आणि मांजर घराचे, असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. त्यात बरेच तथ्य आहे. मांजर दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, आपल्या पिंढरीला गाल घासते, ते निव्वळ लाडाने नव्हे. त्याच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते ‘ही जागा माझी’ अशी खूण करून ठेवते. हा ओळखीचा वास हेच त्याचे घर. त्यातून उचलून त्याला परक्या वासात नेले की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. कानांचेही तसेच. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६० हजारांच्या पुढचाही येतो. आपल्याला साधा वाटणारा गाडीचा खडखडाट त्याला कसा वाटत असेल, याची कल्पना करा. आणि उंदराला काळ वाटणारे हे जनावर आकाराने लहानच. मोठ्या जनावराची शिकार होण्याचे भय त्याच्या रक्तात आहे. भ्यायले की दडायचे, एवढेच त्याला ठाऊक.

म्हणून पेटी निवडताना ती त्याला दडायची जागा वाटेल का, हे पाहा. आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते याहून महत्त्वाची. मांजर पेटीत जाईल कसे, याची चिंता सगळेच करतात. दवाखान्यात ते बाहेर निघेल कसे, याचा विचार कोणी करत नाही! पुढून एकच लहान दार असलेली पेटी घेतली, की मांजर मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते. मग डॉक्टर हात घालतात, ते नखे रोवते, आपण पेटी उलटी करून झटकतो. पुढच्या वेळी ते पेटी पाहूनच पळणार, आणि त्यात त्याचे काय चुकले?

बाजारात टणक प्लॅस्टिकची दोन भागांची पेटी मिळते. खाली तसराळ्यासारखा भाग, वर झाकण, बाजूला खटके. खटके काढले की वरचा भाग अख्खा निघतो आणि मांजर खालच्या भागात आपल्या फडक्यावर बसलेले राहते. तपासणे, सुई टोचणे, बरेचसे काम तिथल्या तिथे होते. पुढे एक दार आणि वरही एक दार असेल तर उत्तमच. घेताना दुकानातच खटके चारदा लावून काढून पाहा, आणि आत वजन ठेवून मूठ धरून उचला. मूठ करकरली तर ती पेटी घेऊ नका.

आकार केवढा? मांजराला उभे राहता यावे, वळता यावे, निजता यावे, एवढा. सर्वसाधारण मांजराला सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि तितकीच उंच पेटी पुरते. ऐसपैस पेटी म्हणजे जास्त सुख, असे मात्र समजू नका. फार मोठ्या पेटीत ते प्रत्येक वळणावर इकडून तिकडे घसरते. तारेचा पिंजरा मजबूत खरा, पण चारी बाजू उघड्या, म्हणून त्यावर चादर हवीच. वेताची टोपली दिसायला छान. पण विणीत नखे अडकतात आणि लघवी मुरली की वास जात नाही. चेनची कापडी पिशवी गरीब स्वभावाच्या मांजराला आणि जवळच्या वाटेला चालेल. झगडणारे मांजर चेन उसकटते. पुठ्ठ्याचा खोका भिजला की संपला.

पेटी विकत घेणे प्रत्येकाला जमेल असे नाही. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या. तोंडावर बसेल अशी जाड जाळी किंवा भोके पाडलेली फळी घ्या, एका कडेला तारेच्या कड्यांनी बिजागरीसारखी जोडा आणि दुसऱ्या कडेला दोन ठिकाणी घट्ट बांधा. क्रेटच्या भोकांतून पंजा आला तर येऊ दे, डोके मात्र जाता कामा नये. तारेची टोके आत राहू देऊ नका. वरून उघडणारी पेटी तयार झाली! शिक्षकबंधूंनी कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून अशी एखादी करून घ्यायला हरकत नाही.

आता पेटी आणली आणि माळ्यावर टाकली, तर पैसे फुकट गेले. जी वस्तू फक्त दवाखान्याच्या दिवशीच खाली उतरते, तिला मांजर बरोबर ओळखते. पेटी घरात एका कोपऱ्यात उघडी ठेवा. त्याच्या रोजच्या निजण्याचे जुने फडके आत घाला. त्याच्या गालांवरून हळूच पुसलेले असेल तर फारच चांगले. सुकटाचा तुकडा, किंवा ज्यावर ते जीव टाकते असे जे काही असेल ते, आधी पेटीजवळ, मग आत ठेवत जा. ते आत बसून खाऊ लागले की एक दिवस दार क्षणभर लावा आणि उघडा. मग जरा उचलून ठेवा. मग अंगणापर्यंत नेऊन आणा. घाई करू नका. ऑस्ट्रियातील व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा आठवडे अशी सवय लावलेली मांजरे मोटारीत, सवय नसलेल्या मांजरांपेक्षा, कमी बिथरलेली दिसली. सहा आठवडे ऐकून दचकू नका. रोजची दोन-चार मिनिटेच लागतात.

आणि सवय लावायला वेळच नाही, मांजर आजच आजारी आहे, तेव्हा? त्याला एका लहान खोलीत घ्या, दारे-खिडक्या लावा. पेटी उभी करा, तोंड वर. मांजराला जाड टॉवेलात गुंडाळा आणि मागच्या पायांकडून आत सोडा. मोठ्या मांजराला मानगूट धरून लोंबकळवू नका. शांत राहावे म्हणून माणसाचे औषध तर कधीच देऊ नका. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विष आहे. भीती फार असेल तर डॉक्टरच निघण्यापूर्वी द्यायचे औषध सांगतात, त्यांना विचारा. या गडबडीत चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मांजराचे दात सुईसारखे. जखम दिसते बारीक, जाते खोल.

वाटेत पेटीवर चादर टाका, पण हवा राहू द्या. मुठीने झुलवत नेऊ नका, दोन्ही हात पेटीच्या बुडाला द्या. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर. हँडलला टांगून नको. रिक्षात किंवा मोटारीत सीटखालच्या तळावर, हलणार नाही अशी. दवाखान्यात पेटी जमिनीवर कुत्र्यांच्या नाकासमोर न ठेवता बाकावर ठेवा, आणि झाकण काढून आहे तिथेच तपासता येईल का, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा.

घरी आल्यावर दार उघडा आणि बाजूला व्हा, ते आपले आपण येईल. घरात दुसरे मांजर असेल तर या दोघांना काही तास वेगळे ठेवा. आलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो, आणि कालचा सोबतीही त्याच्यावर फिसकारतो. फडके धुऊन वाळले की पेटी पुन्हा तिच्या कोपऱ्यात, उघडी.