शेणाची साक्ष

डायनोसॉर गवत खात होते काय? शाळेपासून मी ‘नाही’ हेच उत्तर ऐकत आलो. डायनोसॉर नष्ट झाल्यावरच पृथ्वीवर गवत पसरले, अशी समजूत होती. ती खोटी ठरवली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याने!

वरोऱ्याजवळच्या या गावी साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. बहुधा ते टायटॅनोसॉर या अजस्र डायनोसॉरांचे असावेत. कारण तेथे हाडे मुख्यतः त्यांचीच मिळतात.

वनस्पती मातीतील सिलिका, म्हणजे गारेचे द्रव्य, शोषून पेशींत साठवतात. तिचे सूक्ष्म कण पचत नाहीत, कुजत नाहीत. आणि गवतातील कणांचा आकार ओळखू येतो. वंदना प्रसाद, अशोक सहानी व सहकाऱ्यांनी २००५ साली या गोळ्यांत किमान ५ प्रकारच्या गवतांचे कण दाखवून दिले. काहींचे नाते भात आणि बांबूशी!

मात्र गवत हे त्यांचे मुख्य अन्न नव्हते. सूचिपर्णी वृक्ष, ताडवर्गीय झाडे यांचेही अवशेष तेथे आहेत. म्हणजे मिळेल तो पाला हे प्राणी खात असावेत.

हाडांवरून प्राण्याचा आकार कळतो. त्याच्या पोटातले मात्र शेणालाच विचारावे लागते.