एका मापाने मोजलेली खापरे

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, माँटिचेलोच्या टेकडीवर टॉमस जेफरसन यांचा बंगला होता आणि भोवती मळा. आयुष्यभरात त्यांनी ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्यांच्या शेतीच्या वहीत या माणसांची नावे आहेत, जन्मसाले आहेत, कुणाला किती कापड आणि घोंगडी दिली तेही आहे. पण ती मालकाच्या हातची नोंद. या माणसांनी स्वतः काय मिळवले, कशात जेवले, आपली चीजवस्तू कुठे जपली, हे त्या वहीत सापडत नाही. त्याचा माग बंगल्याशेजारच्या ‘मलबेरी रो’ या वाटेवरच्या घरांखालच्या मातीत लागतो.

ती माती १९८० च्या दशकात विल्यम केल्सो यांच्या पथकाने मोठ्या प्रमाणावर खणली. दक्षिण कॅरोलिना, टेनेसी, जमैका इथल्या मळ्यांवरही अशी उत्खनने झाली. अडचण पुढे आली. उत्खनन एकदाच करता येते. थर काढला की तो कायमचा गेला, उरतात वस्तू आणि नोंदी. आणि नोंदी तर प्रत्येकाच्या आपापल्या पद्धतीच्या. एकाने खापरे मोजली, दुसऱ्याने नुसती तोलली. एकाने माती चाळली, दुसऱ्याने हाताला लागेल तेवढे उचलले. अशा दोन जागांची तुलना कशी करणार?

हे कोडे सोडवण्यासाठी माँटिचेलोच्या पुरातत्त्व विभागात २००० साली मेलन फाउंडेशनच्या मदतीने एक डिजिटल संग्रह सुरू झाला. त्याचे लघुनाम ‘डॅक्स’. गुलामगिरीच्या तौलनिक अभ्यासासाठीचा हा पुरातत्त्वीय संग्रह. जुने अहवाल स्कॅन करून टाकणे इथे पुरेसे मानले नाही. खोकी कोठारातून पुन्हा बाहेर काढली आणि एकाच नियमपुस्तिकेप्रमाणे वस्तूंची नव्याने नोंद केली. माझ्या मते या उपक्रमाचे खरे मोल या कंटाळवाण्या, डोळे शिणवणाऱ्या कामात आहे.

एक खापर घेऊ. आधी माती कोणती आणि झिलई कोणती ते ठरते. मग तो काठाचा तुकडा आहे, बुडाचा की मधला, भांडे ताटली होते की वाडगा, नक्षी कोणत्या रंगात आणि नेमकी कुठे, जाडी, वजन. प्रत्येक उत्तर ठरलेल्या यादीतूनच निवडायचे. त्यामुळे जमैकातल्या ताटलीची निळी किनार आणि व्हर्जिनियातल्या ताटलीची निळी किनार नोंदीत एकाच नावाने येते. बटणे, मणी, चिलमीच्या नळ्या यांचे रकाने वेगळे. व्हर्जिनियातल्या उत्खननांत कवड्याही मिळाल्या आहेत. मालदीवच्या समुद्रातल्या या कवड्या हिंदुस्थान आणि सिलोनच्या बंदरांतून युरोपात जात, तिथून पश्चिम आफ्रिकेत. आणि तिथे त्या मोजून माणसे विकत घेतली जात. अशा कवडीची पाठ कापली आहे का, तिला भोक आहे का, हेही लिहून ठेवावे लागते, कारण दागिना म्हणून ती कुणी अंगावर वागवली का, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

वस्तूइतकाच तिचा ठावठिकाणा महत्त्वाचा. कोणता चौकोन, कोणता थर, आणि चाळणी किती बारीक होती? अमेरिकेत पाव इंची, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर छिद्रांची चाळणी सर्रास वापरतात. काचेचे बारीक मणी तिच्यातून सहज निसटतात. एखाद्या घराजवळ मणी सापडले नाहीत, एवढ्यावरून तिथल्या बायका मणी घालत नव्हत्या असे म्हणता येत नाही. आधी चाळणीचा रकाना बघायचा.

आता काळ. स्टॅन्ली साउथ यांनी १९७० च्या दशकात एक सोपी रीत रूढ केली. ‘क्रीमवेअर’ ही साईच्या रंगाची इंग्लिश भांडी साधारण १७६२ ते १८२० या काळातली, मध्य १७९१. ‘पर्लवेअर’ १७८० ते १८३०, मध्य १८०५. समजा एका खड्ड्यात पहिल्या प्रकारची २० खापरे आहेत आणि दुसऱ्या प्रकारची १०. प्रत्येक मध्याला संख्येने गुणून बेरीज करायची आणि ३० ने भागायचे. उत्तर सुमारे १७९६. ही सरासरी आहे, खड्डा बुजल्याची तारीख नव्हे. पण शेकडो थरांना हाच हिशेब लावला की आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, याचा क्रम लागू लागतो. खापरांची नावेच जागोजागी वेगळी असती तर हा हिशेब मांडताच आला नसता.

या मोजदादीतून काय हाती लागते, ते तळखड्ड्यांच्या उदाहरणात दिसते. व्हर्जिनियातल्या गुलामांच्या घरांत जमिनीखाली चौकोनी खड्डे खणलेले आढळतात. कुणी म्हणते, ते रताळी साठवण्यासाठी. पॅट्रिशिया सॅमफर्ड यांच्या मते त्यांतले काही पूजास्थाने असावेत. संग्रहाचे संस्थापक फ्रेझर नायमन यांचे म्हणणे असे की नात्यागोत्याच्या नसलेल्या माणसांना एका खोलीत कोंबले जाई तेव्हा ज्याने-त्याने आपली चीजवस्तू ठेवायला वेगळा खड्डा केला. घरे लहान होऊन कुटुंबे एकत्र राहू लागली, तसे घरागणिक खड्डे कमी झाले. मलबेरी रोवर जुन्या मोठ्या घरात अनेक खड्डे होते, १७९० च्या दशकातल्या छोट्या लाकडी घरांत एकेकच. हे म्हणणे एका मळ्यावर सिद्ध होत नाही. पुष्कळ घरांतल्या खड्ड्यांची संख्या, मापे आणि काळ शेजारी-शेजारी ठेवावा लागतो. संग्रहात ती सोय आहे, आणि ज्याला नायमन यांचे म्हणणे पटत नाही त्यालाही तीच आकडेवारी उघडी आहे.

पण आकडे नावे सांगत नाहीत. माँटिचेलोत १९९३ पासून ‘गेटिंग वर्ड’ या प्रकल्पात इथल्या गुलामांच्या वंशजांच्या मौखिक आठवणी नोंदवल्या जात आहेत. खापरांबरोबर त्याही वाचायला हव्यात.

संग्रह वापरायला पैसे पडत नाहीत. संकेतस्थळावर एखादी जागा निवडली की तिचा इतिहास, नकाशे, थरांचा क्रम आणि छायाचित्रे दिसतात. पुढे प्रश्न निवडायचा, उदाहरणार्थ या घरातली सगळी बटणे थरांनुसार, आणि येणारा तक्ता उतरवून घ्यायचा. तो वाचण्याआधी नियमपुस्तिका उघडून त्या रकान्याची व्याख्या पाहावी. इतर संस्थांचे संशोधकही आता हीच पुस्तिका शिकून आपापल्या उत्खननातल्या वस्तू या संग्रहात नोंदवतात.