डुकराच्या शिरेत कळतं ते, आणि कळत नाही ते

अँजिओप्लास्टीच्या आधी कुणी ‘बिनपॉलिमरचा स्टेंट’ म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, म्हणजे साधा, बिनऔषधाचा. तसं नाही. स्टेंट टाकलेल्या जागी ऊती वाढून शीर पुन्हा चोंदू नये म्हणून औषध असतंच. नसतो तो फक्त औषधाला स्टेंटच्या जाळीवर धरून ठेवणारा पॉलिमरचा थर. २००२ साली युरोपात मान्यता मिळालेल्या ‘सायफर’ स्टेंटवर हा थर कायमचा होता, औषध संपलं तरी तिथेच. पुढे काही रुग्णांच्या स्टेंटमध्ये वर्ष उलटल्यावर गुठळी झाली, तेव्हा संशय त्या थरावर गेला. ‘बायोफ्रीडम’ स्टेंटमध्ये मग थर काढूनच टाकला. जाळीची बाहेरची बाजू खरखरीत करून बायोलिमस हे औषध तिथे बसवलं.

मग ते रक्तात धुऊन जात नाही? औषध शिरेच्या भिंतीला टेकलेल्या बाजूला असतं आणि ते मेदात विरघळणारं असल्याने भिंत ते शोषून घेते. पण हे नुसतं म्हणून चालत नाही. ठरावीक दिवसांनी प्राण्याची शीर काढून भिंतीत औषध किती उतरलं, जाळीवर किती उरलं, हे मोजावं लागतं.

प्राणी म्हणजे उंदीर, हा आणखी एक समज. तीन मिलिमीटरचा स्टेंट उंदराच्या हृदयात कुठे घालणार! इथे लागतं डुक्कर. त्याचं हृदय आणि हृदयाच्या शिरा आकाराने आपल्यासारख्या. गुठळी होऊ नये म्हणून रुग्णासारख्याच त्यालाही अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या देतात. स्टेंट बसवणारा फुगा मात्र मुद्दाम शिरेपेक्षा थोडा जास्त फुगवतात, म्हणजे भिंतीला इजा होते आणि ती कशी भरून येते ते पाहता येतं. पहिली मोठी तपासणी बहुधा २८ दिवसांनी. सहा महिने थांबायचं तर छोट्या जातीची डुकरं घेतात, कारण शेतावरचं डुक्कर तोवर अवाढव्य होतं. शेवटी स्टेंटसकट शीर रेझिनमध्ये घट्ट बसवून तिचे काप काढतात. धातू साध्या पात्याने कापला जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तारांचे काळे ठिपके दिसतात. त्यांच्याभोवती सूज किती, वर नवं अस्तर आलं का, सगळी मेहनत एवढ्यासाठी.

आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते: डुकरात जमलं, म्हणजे माणसात जमलं. ते डुक्कर तरुण, त्याची शीर निरोगी. ना चरबीचा थर, ना कॅल्शियम, ना वीस वर्षांचा मधुमेह. शिवाय त्याची जखम झपाट्याने भरते. त्याचे २८ दिवस म्हणजे माणसाचे ढोबळ मानाने सहा महिने. स्टेंटने शिरेला अपाय होतो का, हे ते सांगतं. ब्लॉकेज पुन्हा किती जणांना होईल, हे नाही.

ते माणसांतच पाहावं लागलं. २०१५ च्या ‘लीडर्स फ्री’ चाचणीत रक्तस्रावाचा धोका जास्त असलेले २,४६६ रुग्ण होते. गुठळी टाळणाऱ्या त्या दोन्ही गोळ्या एकत्र फक्त महिनाभर, मग एकच. अडचण आल्यामुळे त्याच जागी पुन्हा उपचार करावे लागले ते बायोफ्रीडमच्या गटात ५.१ टक्के, साध्या स्टेंटच्या गटात ९.८.

म्हणून ‘पॉलिमर म्हणजे वाईटच’ असं ठरवायला जाल, तर २०२० ची ‘ऑनिक्स वन’ चाचणी आडवी येते. तिथे पॉलिमरवाला नवा स्टेंट त्याच बायोफ्रीडमसमोर ठेवला, गोळ्यांचा महिनाही तोच, आणि तो कमी पडला नाही.