रात्रीची बाटली कशी सुटेल?

मूल सव्वा-दीड वर्षाचे झाले आहे, दिवसा वरणभात खाते, चपातीचा तुकडा चावते, वाटीतले पाणीही पिते; परंतु रात्री दोन-तीन वेळा उठून दुधाची बाटली मागते आणि ती तोंडात दिल्याशिवाय झोपत नाही, ही तक्रार आपल्या सभासद कुटुंबांतून नेहमी कानावर येते. सांगणारी आई पहाटे उठून डबा करून कामावर जाणारी असते. वडील औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारे. त्याच खोलीत एखादी दहावी-बारावीची मुलगी अभ्यास करून नुकतीच आडवी झालेली. सर्वांची झोप त्या एका बाटलीवर टांगलेली असते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत ठरलेले असते: "भुकेलं आहे लेकरू, द्या त्याला."

वर्ष ओलांडलेल्या, निरोगी आणि वजन नीट वाढणाऱ्या मुलाची ही रात्रीची मागणी बहुधा भुकेची नसते, ती झोपेची असते, हे एकदा लक्षात आले की बाटली कोणत्या क्रमाने सोडवायची तेही उलगडते. मी बँकेत कारकुनी करणारा माणूस, डॉक्टर नव्हे. येथे दिलेली माहिती बालरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात तीच आहे. माझे म्हणून जे काही आहे ते आपल्या घरांच्या रचनेविषयी आहे.

माणसाची झोप सलग नसते. ती खोल जाते, पुन्हा वर येते. मोठ्या माणसाचा असा एक फेरा साधारण दीड तासाचा, तर लहान बाळाचा तासाभराच्या आत-बाहेरचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी झोप पातळ होते, क्षणभर जाग येते. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी ते आठवतही नाही. मूलही तसेच करू शकते, पण एका अटीवर. झोप लागताना जे जवळ होते तेच जाग आल्यावर जवळ असावे लागते. तोंडात बाटली घेऊन झोपी गेलेल्या मुलाला मध्यरात्री जाग आली की ती बाटली सापडत नाही, आणि स्वतःहून झोपी जाण्याची दुसरी युक्ती त्याला ठाऊक नसते. मग ते रडते. आपण दूध करतो, ते चार घोट घेते आणि डोळे मिटते. भूक असती तर चार घोटांत भागली नसती, हे आपण पाहत असूनही आपल्या ध्यानात येत नाही.

शिवाय रात्रीतून अशा दोन बाटल्या गेल्या की सकाळी मूल खात नाही. सकाळी खाल्ले नाही म्हणून दुपारी आणखी एक बाटली दिली जाते. वर्षानंतरच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरते. त्याहून पुष्कळ जास्त दूध पिणारे मूल वरून गुटगुटीत दिसले तरी आतून फिके असू शकते, कारण दुधात लोह फारच थोडे असते आणि दुधाने पोट भरले की डाळ, पालेभाजी, नाचणी, अंडे, मासळी यांना जागा उरत नाही. रक्तक्षयाचे हे एक कारण डॉक्टर वारंवार सांगतात. "आमचं बाळ काही खातच नाही" म्हणणाऱ्या घरात आधी बाटल्या मोजून पाहाव्यात.

दातांचे नुकसान तर डोळ्यांनी दिसते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात साठलेले दूध धुतले जात नाही. जंतू त्यातल्या साखरेचे आम्ल बनवतात. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत प्रथम पांढरी रेघ उमटते, मग ती तपकिरी होते, मग दात कुजून तुटतो. खालच्या दातांवर जीभ असल्याने ते बहुधा वाचतात, आणि यावरूनच दंतवैद्य हे काम बाटलीचे म्हणून ओळखतात. दुधात साखर किंवा बिस्किटाचा चुरा टाकण्याची पद्धत असेल तर हे फार लवकर होते. आडवे पडून बाटली ओढल्याने घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीत दूध शिरून कान दुखण्याचाही संभव असतो. आणि उशाशी ठेवलेली अर्धी बाटली! आपल्या दमट हवेत ते दूध तासाभरात जंतूंचे घर होते. बाटलीचा गळा आणि बूच नीट धुणे, ती दहा मिनिटे उकळणे हे रात्री दोन वाजता कोणी करीत नाही, करू शकत नाही. जुलाबाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

बाटली आपल्या घरांत आली ती तुलनेने अलीकडे. जुन्या मराठी घरांतून चोचीचे लहान बोंडले असे. आईचे दूध कमी पडले की त्याने किंवा वाटी-चमच्याने वरचे दूध पाजत. बोंडल्याचाही धोका होता: रडणाऱ्या बाळाच्या घशात धार सोडली तर ती श्वासनलिकेत जाते. पण ते घासून स्वच्छ होत असे आणि त्याच्यासह कोणी झोपत नसे. पुढे डबाबंद दुधाच्या जाहिरातींबरोबर बाटली ही सुखवस्तू घराची खूण झाली. त्या जाहिरातींचा जगभर बोभाटा झाल्यावर १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने त्यांवर आंतरराष्ट्रीय आचारसंहिता केली. भारतात स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी संघटना आपल्या महाराष्ट्रात, वर्धा येथे ३ डिसेंबर १९९१ रोजी स्थापन झाली, आणि त्यानंतर वर्षभरात संसदेने १९९२ चा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला. या कायद्याने बाळाच्या डबाबंद दुधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. पुष्कळांना ठाऊक नसते की दूध पाजण्याच्या बाटलीची जाहिरातही याच कायद्याने बंद आहे. बाटली विकत घेणे हा गुन्हा नव्हे, आणि कामावर जाणाऱ्या आईने ती घेतली म्हणून तिला कोणी बोल लावू नये. परंतु ज्या वस्तूची जाहिरात कायद्याला बंद करावी लागली तिची मुदत आपणही ठरवून ठेवलेली बरी. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण सुटावी, असे तज्ज्ञ सांगतात.

आता सोडवायची कशी? परदेशी पुस्तकांतून एक उपाय असा सांगतात की मुलाला त्याच्या खोलीत ठेवावे, रडू द्यावे, काही रात्रींनी ते आपोआप शांत होते. त्यांच्याकडे ते चालत असेल. रबाळ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलाची खोली म्हणजे आपलीच खोली, आणि भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला शेजारी. दहा मिनिटे रडले तर चार दारे उघडतात. तेव्हा आपल्याला हळूहळूच जावे लागेल. त्याला दोन-तीन आठवडे जास्त लागतात, पण निभते.

सुरुवात रात्रीपासून करू नये. आधी दिवसाच्या बाटल्या काढाव्यात, त्यातही दुपारची पहिली, कारण तिच्यावर मुलाचा जीव कमी असतो. तिच्या जागी लहान स्टीलचे फुलपात्र घ्यावे. खरे तर सहा महिन्यांचे, आधाराने बसणारे बाळही पेल्याचे घोट घेऊ शकते; म्हणून ज्यांचे बाळ आज तेवढेच आहे त्यांनी वर्षाची वाट पाहू नये, जेवणाबरोबर दोन घोट पाणी पेल्यातूनच द्यावे. कमी दिवसांच्या, नाजूक बाळांनाही रुग्णालयांतून आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजतात, मग आपल्या दीड वर्षाच्या धडधाकट मुलाला पेला जमणार नाही असे कसे म्हणावे?

मुलाला ताठ बसवावे, गळ्यात लाळेरे बांधावे. फुलपात्रात दोन-तीन घोटच दूध असावे, म्हणजे सांडले तरी जीव हळहळत नाही. पेल्याची कड खालच्या ओठाला टेकवून किंचित कलती धरावी आणि थांबावे. दूध तोंडात ओतू नये. ओठाला लागले की मूलच ओढून घेते. पहिले चार-पाच दिवस निम्मे दूध लाळेऱ्यावरच जाईल. त्या दिवसांत दूध कमी गेले म्हणून घाबरू नये. दही, खीर, दुधात शिजवलेला रवा यांतून ते भरून निघते. बाजारात चोचीचे झाकणवाले पेले मिळतात. प्रवासात ते सोयीचे असतील, पण ज्यातून चोखल्याशिवाय दूध येत नाही तो पेला म्हणजे दुसरी बाटलीच. चार-सहा दिवसांत दुपार जमली की सकाळ-संध्याकाळची बाटली काढावी.

मग झोपण्यापूर्वीची. येथे दूध आणि झोप यांची फारकत करायची आहे. रात्रीचे दूध जेवणानंतर, दिवा चालू असताना, मांडीवर बसवून पेल्यातून द्यावे. नंतर दात घासावेत. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. मग अंगाई, पाठीवर थोपटणे, आजीची चिंधीची गोधडी, जे घरात असेल ते. मूल पेंगुळलेले पण जागे असतानाच खाली ठेवावे. रोज तोच क्रम ठेवावा.

मध्यरात्रीची बाटली सर्वांत शेवटी. ती १५० मिलिलिटरची असेल तर दर दोन रात्रींनी ३० मिलिलिटर कमी करावी. ६० च्या खाली आली की बाटली न देता फक्त पाणी पेल्यातून विचारावे आणि थोपटावे. काहीजण दूध न घटवता त्यात पाण्याचे प्रमाण वाढवतात. शेवटी नुसते पाणी राहते आणि मुलाला त्यासाठी उठण्यात रस उरत नाही. ही युक्तीही चालते. मात्र ती वर्षानंतरच्या मुलाला आणि फक्त मध्यरात्रीच्या बाटलीपुरतीच लागू आहे. पैसे वाचावेत म्हणून दिवसाचे दूध किंवा डब्याचे दूध पातळ करणे म्हणजे मुलाला उपाशी ठेवणे होय.

रात्री कोणी उठावे, हा प्रश्न लेखात सोपा आणि घरात अवघड असतो. ज्या हातातून नेहमी बाटली मिळाली ते हात पाहून मूल बाटलीच मागणार, म्हणून त्या आठ-दहा रात्री वडिलांनी उठावे हे उत्तम. सुट्टी किंवा दुसरी पाळी असलेला आठवडा त्यासाठी निवडावा. आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्यावे. चार रात्री निग्रह केला आणि पाचव्या रात्री कोणी दया येऊन भरलेली बाटली दिली, तर मुलाला एवढेच कळते की जास्त वेळ रडले की मिळते. दुपारी धाकट्याला सांभाळणाऱ्या मोठ्या भावंडांनाही हे सांगितले पाहिजे. आईवडील कामावर असताना बाटली भरून देणारे बहुधा तेच असतात. बुचाला मध लावून मुलाला गप्प करण्याची रीत कोठे असेल तर तीही सोडावी. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये.

आई अजून अंगावर पाजत असेल तर ते थांबवण्याचे काहीच कारण नाही. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही ते चांगले. ताप, जुलाब, दात येण्याचे दिवस, घर बदलणे, आईची नवी नोकरी अशा वेळी हा प्रयोग सुरू करू नये, चालू असेल तर आठवडाभर आहे तेथेच थांबावे. जुलाबात तर बाटली तत्काळ दूर ठेवून जलसंजीवनी वाटी-चमच्यानेच पाजावी. मूल वर्षाच्या आतले असेल, कमी दिवसांचे जन्मलेले असेल, वजन वाढत नसेल, पेल्याने पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा झोपेत मोठ्याने घोरत असेल, तर वरीलपैकी काही करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. ऐरोलीला महानगरपालिकेचे राजमाता जिजाऊ रुग्णालय आपल्याला जवळ आहे. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्याची नोंद सोबत न्यावी; डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.